तांब्याचा माणूस आणि कडू नदी

एका राज्यात नदी दुथडी वाहत होती आणि प्रजा मात्र तहानलेली होती. राजा अरिकेसरीने घनवनात एका गाभण हरिणीवर बाण सोडला, त्या दिवसापासून पाणी विषासारखे कडू झाले. हरिणी वाचली, पण वनयोगिनीने शाप दिला तो दिलाच. "तुझ्या नगरातला जो रक्तामांसाचा जीव या वनात पाऊल टाकील, तो दगड होईल. नगरातल्या एकाला तरी हे वन 'आपला' म्हणेल, त्या दिवशी शाप सुटेल."

तरी क्षमा मागायला सात जण गेले. सातही वनाच्या वेशीवर दगड होऊन उभे राहिले. त्यांत कुंतला तांबटिणीचा नवरा रेवण होता. कुंतलेने घरातली सारी भांडी वितळवून तांब्याचा माणूस घडवला, त्याला लोखंडाचे सांधे बसवले आणि कानात मंत्र फुंकला. तो उठून बसला. त्याचे नाव ताम्रांग.

"आई, आज्ञा," तो म्हणाला.

"वनात जा, बाळा. त्यांच्यातला होऊन राहा. कसे, ते मला ठाऊक नाही."

ताम्रांग वनात शिरला. त्याच्या पावलांच्या खणखणाटाने ससे बिळात गेले, वानरे शेंड्यावर गेली. मग तो सावकाश चालायला शिकला. वाऱ्यासोबत थांबायला शिकला. हरणांच्या पाणवठ्यावर वाघाची पाळी कधी आणि हत्तींची कधी, तेही शिकला. पण कुणी जवळ येईना.

तेव्हा त्याने सेवा करायचे ठरवले. वणवा लागला, त्यातून त्याने साळिंदराची पिल्ले उचलून आणली. हत्तीचे पोर दलदलीत रुतले, ते खांद्यावर घेऊन काढले. मग दरड कोसळून नदीला मिळणारा ओढा तुंबला आणि अस्वलिणीची गुहा बुडू लागली. वाट अडवणारा कातळ पाठीवर तोलून तो पाणी ओसरेपर्यंत सात दिवस कडू प्रवाहात उभा राहिला. अस्वलीण पिल्लांसह निघून गेली. वळून तिने पाहिले, पण जवळ आली नाही.

कातळ सोडून ताम्रांग काठावर आला. तिथे त्याचे गुडघे अडले. कडू पाण्याने सांध्यांत गंज चढला होता. हात उचलेना, मान वळेना.

फांदीवर धनेश पक्षी होता. तो म्हणाला, "तांब्याच्या माणसा, तुला भूक नाही, तहान नाही, थंडी नाही. आजवर तू कुणाजवळ काही मागितले नाहीस. आता काय करशील?"

ताम्रांगाला प्रथमच भय वाटले. असाच उभा राहिलो, तर वेशीवरच्या सातांत आणखी एका दगडाची भर, एवढेच होईल. आणि आई वाट पाहत राहील.

"मागू कसे?" त्याने विचारले. "ते मला शिकवले नाही."

"जसे असेल तसे सांग."

मग ताम्रांग मोठ्याने म्हणाला, "मी अडलो आहे. माझ्याने होत नाही. कुणी हात द्याल का?"

बराच वेळ कुणी आले नाही. मग साळिंदर आले आणि काट्यांनी गंज खरवडू लागले. खारींनी करंजाच्या बियांचा ढीग आणून टाकला, हत्तिणीने तो पायाखाली चिरडून तेल काढले. अस्वलिणीने मधाच्या पोळ्याचे मेण आणले आणि त्या तेलात कालवून आपल्या जिभेने एकेका सांध्यात भरले. तीन दिवस हे चालले. चौथ्या सकाळी ताम्रांगाचे बोट हलले, मग मनगट, मग गुडघा.

तो लगेच निघाला नाही. आधी त्याने गुडघ्यांवर बसून मातीवर कपाळ टेकले.

"आईने मला घडवले," तो म्हणाला. "पण आज मी चालतो आहे तो तुमच्यामुळे. हे ऋण मला फेडायचे नाही, बाळगायचे आहे."

अस्वलीण म्हणाली, "ऊठ. आपल्यात कुणी इतके वाकत नाही."

'आपल्यात' हा शब्द तिच्या तोंडून निघाला आणि ओढ्याचे पाणी निवळून गोड झाले. वेशीवर सात दगडांना श्वास फुटला. रेवण धावत नदीवर गेला, ओंजळभर प्याला आणि दुसरी ओंजळ कुंतलेसाठी धरून तसाच घराकडे निघाला. वाटेत सगळी सांडली, तेव्हा हसून परत फिरला.

राजा अनवाणी वेशीवर आला. हरिणी पाडसासह पुढे आली. राजाने धनुष्य मोडून तिच्यापुढे ठेवले आणि मान खाली घातली. ती त्याला हुंगून शांतपणे चरू लागली.

ताम्रांग वनातच राहिला. दर पौर्णिमेच्या सकाळी कुंतला तेलाची वाटी घेऊन जाते. तो म्हणतो, "आई, तेल अस्वलीणमावशीने कालच घातले." तरी तो गुडघा पुढे करतो आणि ती तेल घालते.

त्या नदीचे पाणी गोड राहिले. तुमच्या घागरीतलेही राहो.