सिंहासनावर कोण?

प्रकाशयोजनाकार दिनकरराव टिपरे नावाजलेले खरे, पण दिव्यांचा कन्सोल दिसला की त्यांचे हात शिवशिवत. ऑपरेटर मंदाने जुळवून ठेवलेलं सगळं त्यांच्या हातून दोनदा पुसलं गेलं होतं, आणि उद्या तर नाटकाचा पहिला प्रयोग!

ते तिसऱ्यांदा बटणांवर वाकले, तसं मंदाने सिंहासनावर तासभर अवघडून बसलेल्या, राजाचं काम करणाऱ्या नटाला खुणेनं खाली बोलावलं.

"सर, राजा कुठे आहे?"

"सिंहासनावर! माझ्या सोनेरी प्रकाशात!" मान वर न करताच ते म्हणाले.

राजा त्यांच्या पाठीमागे चहा पीत उभा होता.

"सर, बटणांना माझी बोटं पुरतात," मंदा म्हणाली. "रंगमंचाला मात्र तुमचेच डोळे लागतात."

दिनकरराव प्रेक्षागृहात पाचव्या रांगेत जाऊन बसले आणि समोर बघताच ओरडले, "अगं मंदा, सिंहासनावर तर अंधार आहे!"