पितरांचे दिवे

एका राज्यात, बर्फाळ डोंगरांच्या ओंजळीत, तेलाचं एक कुंड होतं. घराघरातल्या शेगड्या त्या तेलावर तापत आणि राजवाड्यात त्याच तेलावर पितरांचे दिवे जळत. रीतच होती तशी. मानाचं कुणी गेलं की त्याच्या नावानं दिवा लावायचा, आणि लावलेला दिवा कधी शांत करायचा नाही. दालनामागून दालन भरलं. भर उन्हातही दिवे जळायचे. त्यांच्यावर फुंकर घालावी, असं कुणाच्या स्वप्नातही येत नसे.

पुढं कुंड आटू लागलं. मूठभर जोंधळ्याला मिळणारी तेलाची पळी पोतंभर जोंधळ्यालाही मिळेना.

त्या राज्यात शलाका नावाची मुलगी होती. आईबाप नव्हते, एक धाकटी बहीण होती, मैना. थंडीनं मैनेची छाती भरली होती आणि शेगडी गार पडली होती. शलाका थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, एक घागर तेल द्या. माझी बहीण वाचेल."

राजा वज्रकेतूनं राजमांत्रिकाकडं पाहिलं. मांत्रिक म्हणाला, "तीन कामं कर, पोरी. घागर तुझी."

"आधी घागर द्या, मग कामं सांगा."

"थोरांपुढं अटी घालू नयेत. जा, धुक्याचा दोर वळून आण. कुंड आणखी खोल उपसू."

बोटांतून रक्त येईतो शलाकानं नदीवरचं धुकं वळलं. दोर तळाला पोचला, चार घागरी वर आल्या. प्रधान म्हणाला, "आधी पितरांचं. दिवे मिणमिणताहेत." चारही घागरी दालनात गेल्या.

"आणलंस, ताई?" मैनेनं विचारलं.

"नाही दिलं त्या थेरड्यांनी."

मैनेनं गार हात बहिणीच्या गालांवर ठेवले नि ती हसली. "चिडलीस की कशी तापतेस गं! राहू दे हात इथंच. तुझ्यावरच शेकते."

दुसरं काम सूर्यपक्ष्याच्या पिसाचं. पीस पडेल तिथं नवं कुंड फुटणार होतं. शलाका सुळके चढून पीस घेऊन आली. कुंड फुटलं, संध्याकाळपर्यंत वाहिलं आणि कोरडं पडलं. प्रधान म्हणाला, "एवढंसंच निघालं. आधी पितरांचं."

तिसरं काम, नागाच्या फण्याखालची किल्ली. त्या किल्लीनं म्हणे तेलाचं गुप्त कोठार उघडणार होतं. नागानं विचारलं, "किल्ली कशाला?"

"बहिणीला ऊब हवी."

नाग बाजूला सरकला.

किल्ली कोठाराच्या दाराला लागेना. दारावर एक म्हातारा धनेश पक्षी बसलेला असे. त्याच्या चोचीला सोन्याचं कुलूप होतं. किल्ली तिथं बसली.

धनेश बोलला, "राजाच्या आजोबाला मी खरं सांगितलं, म्हणून हे कुलूप. कोठार रिकामं आहे, ते कधी भरलेलंच नव्हतं. हे कुंड एका यक्षानं दिलं, ते जित्यांसाठी. जित्यांआधी मेलेल्यांना पाजाल तर ते आटत जाईल, हा त्याचा शाप. दिवे शांत कर."

"अनर्थ!" प्रधान ओरडला. "आभाळ कोसळेल!"

"आमच्या घरावर ते केव्हाच कोसळलंय."

शलाका दिव्यांच्या दालनात शिरली. मैनेची पेज निववताना घालायची तशी फुंकर तिनं घातली. एक दिवा गेला, मग दुसरा, मग रांगच्या रांग. मंत्र्यांनी डोळे मिटून घेतले. आभाळ जागच्या जागी राहिलं. कुंड मात्र खळखळलं आणि काठोकाठ भरलं. आपल्या हातांनी घागर भरून शलाका धावत सुटली.

मैना निजली होती. शेकायला पुढं करावेत तसे तिचे तळवे उघडे होते. शलाकानं शेगडी पेटवली, ते हात आपल्या गालांवर घट्ट धरले. गाल जळत होते. हात गारच राहिले.

मागोमाग राजा आला, सोन्याचा पेटता दिवा घेऊन. "हिच्या पायी राज्य वाचलं. हिच्या नावाचा हा दिवा अखंड तेवेल." मंत्र्यांनी लगेच हात जोडले.

शलाकानं दिव्याकडं पाहिलं. मग राजाकडं.

"महाराज, शेजारच्या घरात तान्हं मूल कुडकुडतंय," ती म्हणाली, आणि तिनं फुंकर घातली.

उरलेल्या तेलाची घागर कडेवर घेऊन ती शेजारच्या दारात गेली.

शाप सुटला. तेल पुन्हा मूठभर जोंधळ्याला मिळू लागलं, राज्याची घडी बसली. घरोघर शेगड्या तापतात. मैनेच्या नावाचा दिवा मात्र त्या राज्यात कुठंच नाही.