गुळव्या नसलेलं गुऱ्हाळ

एका गावात एक गुऱ्हाळ होतं, आणि त्याला गुळव्याच नव्हता. गुळव्या म्हणजे रसाची काहील चुलीवरनं कधी उतरवायची ते सांगणारा. त्याच्यावाचून कुठं गूळ होतो का? पण इथं चौघी बायाच सगळं बघायच्या. कुणी जाळ घालायची, कुणी ढवळायची, दमल्या की जागा बदलायच्या. नियम एकच. जिला कळलं तिनं ओरडायचं, बाकीच्यांनी आधी काहील उतरवायची, भांडण मागनं. भांडायच्या बी अगदी मन लावून.

राजाच्या कानावर हे गेलं. त्यानं सांगून धाडलं, मी येतो. गूळ चांगला निघाला तर गुऱ्हाळ तुमचं, नाहीतर माझा गुळव्या बसवीन आणि तुम्ही त्याच्या हाताखाली.

राजा आला. सोबत मिशीवाला गुळव्या. रस होता दोनच काहिलींपुरता. पहिलीला चौघींतली द्वारकी ओरडली, "उतरवा." उतरवली. गूळ थिजलाच नाही, नुसती काकवी. बाया तिला बोलल्या, चिडवलं, मग चौघींनी बोटं चाटली. गुळव्या मिशीत हसला.

दुसरीला द्वारकी जाळापाशी बसली ती तोंडात पदर कोंबून. थोरलीनं ढवळता ढवळता बघितलं.

"पदर काढ गं. मला वाफेत काय दिसंना. तू बी गप बसलीस तर आम्ही कुणाचं ऐकायचं?"

"पुन्हा चुकले तर?"

"तर पुन्हा काकवी खाऊ. काढ."

द्वारकीनं पदर काढला. जरा वेळानं तिच्या बाजूला वास बदलला. ती ओरडली, "उतरवा." थोरलीला वाटलं, लवकर होतंय. पण वाटेस्तोवर तिचे हात काहिलीच्या कड्यांना गेलेसुद्धा.

गूळ निघाला पिवळाधमक, रवाळ. राजानं पुन्हा मागून खाल्ला. गुळव्यानं चव घेतली आणि त्याची मिशी खाली आली.

"महाराज," तो म्हणाला, "परवा माझी काहील करपली. सगळ्या गड्यांना वास आला होता. माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले बिचारे."

राजानं गुऱ्हाळ बायांच्या हवाली केलं. वर डोक्याचं पागोटं काढून म्हणाला, तुमच्यात जी मुख्य असेल तिनं घ्यावं. चौघींनी एकमेकींकडं बघितलं, आणि पागोट्याचे चार तुकडे केले. गरम कड्या धरायला.

तर बाळांनो, आणि बाळांच्या सायबांनो, तात्पर्य एवढंच: ज्याला कळलं त्याला बोलू द्या, त्याचं ऐका, आणि एकदा चुकला म्हणून त्याचं तोंड शिवू नका.