पाटीवरच्या लेडीज

लेडीज क्लबच्या वार्षिक जेवणात इंदुमतीबाईंचा पहिलाच घास तोंडात फिरला. सकाळपासून सगळ्यांसाठी पोळ्या लाटणाऱ्या शेवंताबाई आपलं ताट घेऊन कडेच्या खुर्चीवर टेकतात न टेकतात, तोच अध्यक्षा हेमलताबाई कडाडल्या, "ए, बाहेर पायरीवर बसून खा! दारावरची पाटी दिसली नाही? हा लेडीज क्लब आहे. असल्यातसल्या बायकांना इथे जागा नाही!"

शेवंताबाई मुकाट उठल्या. इंदुमतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेला त्यांचा आवाज खणखणला.

"थांबा, शेवंताबाई! अध्यक्षबाई, लेडी हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे? जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ होता, पावाची कणीक मळणारी. आज इथे कणीक कोणी मळली? दाखवा बघू हात!"

एकीनेही हात पुढे केला नाही. शेवंताबाईंच्या कोपराला मात्र अजून पीठ चिकटलेलं होतं.

"मग होऊ दे पाटीप्रमाणेच," म्हणत इंदुमतीबाईंनी स्वतःचं ताट उचललं. "शेवंताबाई, तुम्ही आत बसा. आणि चला हो अध्यक्षबाई, आपण बायका पायरीवर जाऊ!"