ढेऱ्या भालदाराची उंची

एका राज्यात राजा होता, राणी होती, प्रधान होता, आणि हेच सगळे एका पेटाऱ्यातही होते. वाड्यातले मांसाचे, पेटाऱ्यातले लाकडाचे. लाकडाचे जरा शहाणे. पेटारा बयजा बाहुलेवालीचा. आत दोऱ्यांवर नाचणाऱ्या बारा बाहुल्या, पांगाऱ्याच्या एकाच झाडातून एका जादूगारानं कोरलेल्या. त्यांत लाकडी राजा तेवढा हुबेहूब खऱ्या राजावरून बेतलेला, नाकसुद्धा त्याचंच.

पेटारा देताना जादूगारानं अट घातली होती. खेळ संपला की बाराही जणांनी पडद्यापुढं येऊन मुजरा करायचा. राजानं करायचा, राणीनं करायचा, घोड्यानंही मान लववायची. बयजाची सासू तसंच करत आली. बयजाही वीस वर्षं चुकली नाही.

त्या बारांत एक ढेऱ्या भालदार होता. त्याला वाक्य एकच, "बाजूला व्हा, महाराज येताहेत." एवढं ओरडायचं आणि कोपऱ्यात उभं राहायचं. एका जत्रेत त्याचा दोरा सैल झाला आणि त्याच्या आधी त्याची ढेरीच पडद्याबाहेर आली. लोक हसले. दुसऱ्या दिवशी बयजानं दोरा मुद्दाम सैल सोडला. मग काय विचारता? राजा लढाईला निघाला तरी लोकांचं एकच, तो ढेरीवाला कुठं गेला? बयजानं त्याला लढाईत घातला, महालात घातला, राणीच्या बाळंतपणातही घातला. आणि एका दिवशी खेळ संपला तरी लोक ढेऱ्या ढेऱ्या करत उठेनात, तेव्हा तिनं एकट्या ढेऱ्याचा मुजरा करवला आणि बाकीचे अकरा तसेच पेटाऱ्यात कोंबले.

सकाळी बघते तर ढेऱ्या वीतभर वाढलेला, बाकीचे बोट बोट उतरलेले. तिकडं वाड्यात राजाचा मुकुट नाकावर आला.

बयजानं खेळ बंद ठेवला. पण लोक घरी बसून ढेऱ्याच्याच गोष्टी सांगत, आणि तो तेवढ्यावरही वाढे. महिन्यात तो पुरुषभर झाला, आपल्या तोंडानं बोलू लागला, भाकरी मागू लागला. राजा इतका आखडला की राणी त्याला पानाच्या डब्यात घालून दरबारात आणायची. प्रधान म्हणाला, पेटारा जाळू. जोशीबुवा म्हणाले, लाकूड जळेल तसे महाराजही जळतील. मग ठरलं, पौर्णिमेपर्यंत महाराज पहिल्यासारखे झाले नाहीत तर बयजाला सुळावर द्यायचं.

बयजा गेली पांगाऱ्याच्या खुंटाशी. जादूगार मरून गेला होता, पण त्याची साळुंकी अजून तिथंच बसायची. अटीची राखण तिच्याकडं होती.

साळुंकी म्हणाली, "आलीस का बयजे? मला वाटलं, आधी सुळावर जाशील, मग येशील."

"चुकलं माझं. उपाय सांग."

"तीन कामं आहेत. घोड्यासाठी लोकांनी डोळे पुसले पाहिजेत. राणीमागं पंखा ढाळणाऱ्या बाहुलीचं नाव लोकांनी विचारलं पाहिजे. आणि ढेऱ्या खाली आला पाहिजे. त्याला हात लावायचा नाही, दोरा तोडायचा नाही, आणि त्यानं हूं म्हटल्याशिवाय काही करायचं नाही."

पहिलं काम झालं. बयजानं खेळ पुन्हा लावला आणि लढाईतून घोडा एकटाच परत आणला, रिकाम्या खोगिराचा. तो दारात उभा राहून आत बघत राहिला, बस्स. बाया सोडा, सावकारानंही उपरण्यानं नाक पुसलं. घोडा आपल्या मापाचा झाला.

दुसरं काम झालं. राणी लांबलचक बोलत असताना बयजानं मागच्या दासीचा पंखा थांबवला. राणी घामाघूम, दासी मात्र आभाळाकडं बघतेय. लोक विचारू लागले, कोण गं ही? तिला नावच नव्हतं. बयजानं तिथल्या तिथं ठेवलं, कुसुंबी. तीही मापाची झाली.

राहिलं तिसरं. ढेऱ्या ओट्यावर बसून मिशांना तेल लावत होता.

बयजा म्हणाली, "ढेऱ्या, उद्या राजाचं काम तू कर."

"आज सुचलं होय तुला? मी कधीचा वाट बघतोय."

"मग हूं म्हण."

"हूं."

पौर्णिमेला दुपारी वाड्याच्या चौकात खेळ लागला. ढेऱ्यानं जरीचा झगा घातला. झग्यात ढेरी झाकली गेली, पण त्याच्या ध्यानात आलं नाही. अडचण निराळीच आली. तो राजा, तर पुढं ओरडायला कोण? लाकडी राजा बोटभर उरलेला, बाकी दहाजणांना आपापलं काम होतं. तेवढ्यात पानाच्या डब्यातून आवाज आला, "बाई, मी ओरडतो. रोज ऐकतोच की."

बयजानं राजाच्या हातात काडीचा भाला दिला.

वीतभर राजा पडद्यापुढं आला, भाल्यात पाय अडकून पडला, उठला आणि रातकिड्यासारखा ओरडला, "बाजूला व्हा, महाराज येताहेत." बाजूला व्हायला तिथं कुणी नव्हतंच. लोक पोट धरून हसले. राजा हातभर वाढला.

मागून ढेऱ्या आला. राजाला फार बोलावं लागतं हो. तो शेतसाऱ्यावर बोलला, धरणावर बोलला, प्रधानाच्या भाचीच्या लग्नावर बोलला. एकानं जांभई दिली, ढेऱ्या चार बोटं उतरला. दुसऱ्यानं शेंगा फोडायला घेतल्या, ढेऱ्या वीतभर उतरला. राजा मात्र दर घटकेला येऊन ओरडून जात होता आणि वाढत होता.

ढेऱ्या उतरत उतरत आपल्या जुन्या मापाला आला. झगा त्याच्याभोवती ढीग होऊन पडला. तो हळूच म्हणाला, "बयजाबाई, माझं वाक्य त्यांनी घेतलं. आता मी काय बोलू?"

त्या क्षणी बयजाला सुळाचा विसर पडला. अजून दोन जांभया, आणि ढेऱ्या तिळाएवढा होणार. ती म्हणाली, "झग्यातून बाहेर ये. तुझं वाक्य मी घेऊन देते."

पण राजा कुठला देतोय? त्याचं डोकं मांडवाला लागलं होतं तरी तो अजून एकदा, अजून एकदा म्हणत होता. शेवटी राणीच उठली. "अहो, पुरे. ते त्या गरिबाचं आहे."

राजानं भाला खाली ठेवला. ढेऱ्यानं उचलला, वाक्य म्हटलं, ढेरी पुढं, आपण मागं. लोक हसले, बेताचे हसले. मग बयजानं बाराही जणांचा मुजरा करवला, एकेकाचं नाव घेऊन, कुसुंबीचंसुद्धा. अट पुरी झाली. लाकडी राजा मापाचा झाला, खरा राजा मुकुटाच्या मापाचा झाला.

पांगापांग झाल्यावर राजा बयजाजवळ आला. आजूबाजूला बघून घेतलं आणि विचारलं, "बाई, मी भालदार बरा केला ना?"

"आवाज बरा होता, सरकार," बयजा दोऱ्या गुंडाळत म्हणाली. "पण तुम्ही सारखे लोकांकडं बघत होता. भालदारानं महाराज येतात तिकडं बघायचं असतं."

 राजानं मान डोलावली आणि तो कामाला गेला.

राजा सिंहासनावर गेला, ढेऱ्या पेटाऱ्यात गेला. तुमचे पाय आखडले असतील, उठा आता.