राहून गेलेली पेनल्टी

एक नगर होतं. त्यात दोन पेठा, दोन पेठांच्या दोन तालमी, आणि खेळायला मैदान मात्र एकच. वर्षभर एकाच मंडईत भाजी घेणारी माणसं फुटबॉलचा चषक जवळ आला की एकमेकांकडे बघेनाशी होत.

त्या वर्षी अंतिम सामन्यात याच दोन तालमी समोरासमोर आल्या. सामना बरोबरीत होता, चार मिनिटं उरली होती, आणि वरच्या पेठेला पेनल्टी मिळाली. मारायला त्या पेठेचा सर्वांत गुणी तरुण पुढे झाला. त्याने चेंडू पांढऱ्या ठिपक्यावर ठेवला आणि चार पावलं मागे गेला. समोर खालच्या पेठेचा गोली हातमोजे घट्ट करत उभा होता. पंचांनी शिट्टी ओठांना लावली.

"गोली वेळ काढतोय बघा!" वरच्या पेठेच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, आणि पहिला दगड आला. तो गोलीच्या उजव्या हातावर बसला.

त्यानंतर जे झालं त्याला सामना म्हणता येणार नाही. दोन्हीकडून दगड, चपला, बाटल्या. बायका लेकरांना छातीशी धरून जिन्याकडे धावत होत्या. पत्र्याच्या छपरावर दगड पडत होते, आणि तो आवाज तरुणाच्या कानांत असा बसला की पुढे घरात पातेल्याचं झाकण पडलं तरी तो दचकून उठे. सामना रद्द झाला. चषक कपाटात गेला. दोन्ही तालमींवर वर्षाची बंदी आली.

दोन महिने लोटले. पेठेतले लोक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "झालाच होता रे गोल! तू काय चुकणार होतास?" त्याला ते ऐकवत नसे. जेवताना, अंघोळ करताना त्याच्या डोळ्यांपुढे तो चेंडू येई, आणि पाय आपोआप हले. एखादं माणूस दूरदेशी जावं आणि त्याची वाट बघावी, तशी तो त्या एका फटक्याची वाट बघत होता.

शेवटी तो तालमीतल्या वृद्ध वस्तादांकडे गेला. "वस्ताद, जीव लागत नाही कशात. ती पेनल्टी एकदा मारायला मिळाली असती, तर सुटलो असतो."

"एवढंच ना?" वस्ताद म्हणाले. "चल."

त्यांनी त्याला रिकाम्या मैदानावर नेलं आणि चेंडू ठिपक्यावर स्वतःच्या हाताने ठेवला. "मार."

त्याने मारला. चेंडू जाळीत गेला. वस्तादांनी मान हलवली. "नाही झाला. पुन्हा."

त्याने डाव्या कोपऱ्यात मारला, उजव्या कोपऱ्यात मारला, वरच्या आडव्या खांबाला चाटून मारला. प्रत्येक वेळी वस्ताद गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत जात, चेंडू आणत आणि म्हणत, "नाही झाला. पुन्हा." असं वीसेक वेळा झालं. तरुणाच्या सदऱ्यातून घाम निथळू लागला, आणि अखेर त्याचा संयम सुटला.

"वस्ताद, तुम्हाला दिसत नाही का? सगळेच्या सगळे गोल झाले!"

"गोल? कुणावर केलास?"

तरुणाने वळून बघितलं. समोर दोन खांब होते आणि मध्ये कुणीच नव्हतं.

वस्ताद गवतावर बसले. "जाळीत चेंडू घालणं हा पराक्रम नव्हे, बाळा. उतारावरून घरंगळत आला तरी तो आत जातो. तुला ओढ लागलीय ती गोलाची नाही. समोर जो उभा होता, ज्याने लहानपणापासून तुझं पाऊल न पाऊल हेरलं, त्याची आहे. आपल्या पेठेत तुझं कौतुक करणारे हजार असतील, पण तुझा खेळ ओळखणारा एकच आहे, आणि तो खालच्या पेठेत हात बांधून बसलाय. त्याच्यावाचून तुझं जिंकणं होत नाही. आपल्या माणसांनी जिंकण्याच्या घाईत आधी त्यालाच मारलं. गेलास का एकदा तरी त्याला बघायला?"

"नाही." तरुणाने खाली बघितलं. "भीती वाटते."

"वाटू दे. भीतीसकट जा."

दुसऱ्या दिवशी तो गेला. खालच्या पेठेच्या कोपऱ्यावर कट्ट्यावरची पोरं सावरून बसली. "अरे बघा, पेनल्टी घरपोच आली!" कुणीतरी म्हणालं. मागे एक मोटारसायकल फटकन सुरू झाली आणि तो दचकला. परतावंसं वाटलं, पण तो चालत राहिला.

दार गोलीच्या आईने उघडलं. तिने त्याला ओळखलं. "तुमच्याकडून एक दगड येऊन गेलाय. आता काय आणलंस?"

आतून आवाज आला, "आई, येऊ दे त्याला. एवढ्या जवळूनही नेम लागायचा नाही त्याचा."

गोली खाटेवर बसला होता. हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण दोन बोटं मिटत नव्हती. पुढच्या वर्षापर्यंत मिटतील की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

"दगड आमच्यातून आला," तरुण म्हणाला. "मला आधीच यायला हवं होतं."

"मला तो दिसलाच नाही. मी तुझ्या पायाकडे बघत होतो." गोली म्हणाला. "अजून बघतोच आहे. झोपेत उडी मारतो मी, आईला विचार. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. आणि दरवेळी चेंडू यायच्या आत जाग येते."

आपण एकटेच वाट बघतोय, असं तरुणाला इतके दिवस वाटत होतं.

"कुठे मारणार होतो, सांगू?" त्याने हळूच विचारलं.

गोलीने झटकन डावा हात वर केला. "नको! सांगितलंस तर बरा होऊन मी काय अडवू?"

आईने पाहुण्यासाठी चहाचं आधण ठेवलं. दोघेही त्या न मिटणाऱ्या बोटांकडे बघत बसले.