शिरीषाखालच्या चटया

एका नगरात एक कासार होता. ज्या दिवशी ती बातमी आली, त्या दिवशीही तो रोजच्यासारखा दुकानात बसून बांगड्या भरत होता. समोर एक लग्नाची मुलगी आणि तिची मावशी बसली होती. मुलगी हात आखडून घेत होती.

"हात सैल सोड, पोरी," कासार म्हणाला. "बांगडी चावत नाही."

"आणि सासर? ते चावेल का, तेवढं सांगा," मावशी म्हणाली, आणि तिघंही हसली.

तेवढ्यात बागेचा राखणदार धावत आला आणि दारातच थबकला. "कासारभाऊ, चला लवकर. वहिनींच्या अंगावर फांदी पडली."

कासाराने मुलीच्या हातावर अडकलेली बांगडी हलकेच मनगटात सरकवली आणि तो उठला.

नगराच्या मधोमध सगळ्यांसाठी एक बाग होती. बाजारातून परतताना कासाराची बायको, भागीरथी, भाजीची टोपली बाजूला ठेवून तिथल्या मोठ्या शिरीषाखाली घटकाभर टेकायची. त्या दिवशीही टेकली होती. वारा नव्हता. पानही हलत नव्हतं. वरची एक वाळकी फांदी मोडली आणि खाली आली. कासार पोचला तेव्हा सारं संपलं होतं.

नगराचा कारभारी समाचाराला घरी आला. घोंगडीवर टेकून तो म्हणाला, "ईश्वरेच्छा! झाडाच्या मनातलं माणसाला कसं कळावं?"

पण झाडाच्या मनातलं त्या नगरात सगळ्यांना दरवर्षी कळत असे. चैत्रात शिरीषाला पालवी फुटली की जिवंत फांद्या हिरव्या होत आणि वाळक्या तेवढ्या उघड्या पडत. मग थोडे दिवस बाग बंद ठेवून माणसं दोर घेऊन वर चढत आणि वाळक्या फांद्या उतरवून घेत. पावसाळ्याआधीचं हे काम आजोबा-पणजोबांच्या काळापासून चालत आलेलं होतं.

यंदा मात्र नेमका त्याच वेळी वसंतोत्सव होता. कारभाऱ्याने दोर घेतलेली माणसं खाली बोलावली आणि त्यांना बागेची कमान रंगवायला लावली. "कमान येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते," तो म्हणाला होता. "उतरवलेली फांदी कुणाला दिसते?" लोक हसले होते. कमान खरंच सुंदर दिसत होती.

दिवसकार्य उरकल्यावर कासार कारभाऱ्याकडे गेला. "शिरीषावर अजून वाळक्या फांद्या आहेत," तो म्हणाला. "लोक रोज खाली बसतात. तेवढ्या उतरवून घ्या."

"घेऊ ना!" कारभारी म्हणाला. "पण त्याआधी वहिनींची आठवण नको का राहायला? आम्ही बागेत त्यांच्या नावाची शिळा बसवतोय. पडदा तुम्हीच काढायचा."

"शिळा मागून बसवा. आधी फांद्या."

"अहो, मुहूर्त ठरलाय. पाथरवटाने नावसुद्धा कोरलंय. फांद्या काय, कुठं पळून जातायत?"

कासार घरी परतला. नाही म्हणावं, तर लोक म्हणणार, बायकोच्या मानाला हा आडवा आला. हो म्हणावं, तर त्याच झाडाखाली पुन्हा कुणीतरी बसणार. मुहूर्ताच्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून बागेत गेला.

सगळं नगर लोटलं होतं. ऊन तापलं होतं, म्हणून लोकांसाठी शिरीषाच्या गार सावलीत चटया अंथरल्या होत्या. बायका, म्हातारी माणसं, मांडीवर पोरं घेतलेल्या आया, सगळे तिथे दाटीवाटीने बसले होते. कारभाऱ्याची खुर्ची मात्र लांब, उघड्यावर होती. तिच्यावर कापडी मांडव घातला होता आणि एक माणूस घाम पुसत पंखा हलवत होता. पडदा टाकलेली शिळा त्या मांडवाशेजारीच उभी होती.

कासार शिळेपाशी गेला. पडद्याची दोरी त्याने हातात घेतली आणि मग सोडून दिली.

"कारभारी, एक विचारू? एवढी गार सावली असताना तुमची खुर्ची इथे उन्हात का?"

कारभारी बोलायच्या आत पंखेवाला मोठ्या अभिमानाने म्हणाला, "मीच हलवली! तिकडं वर वाळकी फांदी लोंबतेय ना. कारभारी म्हणाले, खुर्ची मोकळ्यावर ने आणि मांडव घाल."

चटईवरच्या एका म्हातारीने मान वर केली. मग सगळ्यांनीच केली. हिरव्या पाल्यात ती काळी, उघडी फांदी कुणालाही दिसेल अशी होती.

"म्हणजे आम्ही खाली, आणि तुम्ही बाहेर?" म्हातारी म्हणाली. "वा रे कारभारी!"

"आजी, गैरसमज होतोय. मी फक्त..."

"माझ्या घरी येऊन तुम्ही ईश्वरेच्छा म्हणालात," कासार म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "ती ईश्वरेच्छा तुमच्या खुर्चीला ओळखते, आमच्या चटईला ओळखत नाही, असं कसं?"

लोक उठले. चटया गुंडाळून मांडवात शिरले. जागा पुरेना, तेव्हा चार बायकांनी कारभाऱ्याला उठवून त्याची खुर्ची उचलली आणि थेट शिरीषाखाली नेऊन ठेवली.

"या, बसा!" एक कोष्टीण ओरडली. "गार आहे इथं. भाषण इथूनच होऊ द्या."

कारभारी जागचा हलला नाही. "उद्या," तो म्हणाला. "उद्याच माणसं चढवतो."

"आज," कासार म्हणाला. "तोवर पडदा निघणार नाही."

दोर आणले गेले. माणसं चढली. सगळ्या वाळक्या फांद्या दुपारच्या जेवणाआधी खाली आल्या. एवढंच काम होतं. ते चैत्रात झालं असतं, तर त्या शिळेवर कोरायला कुणाचं नाव लागलं नसतं. हे ज्याच्या त्याच्या मनात आलं, आणि पडदा निघाला तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही.

तात्पर्य एवढंच: जो धोका स्वतःच्या खुर्चीपुरता बरोबर दिसतो, त्याला दुसऱ्याच्या बाबतीत ईश्वरेच्छा म्हणणं हे पाप आहे; आणि मेलेल्याचा मान शिळेने राखला जात नाही, वेळच्या वेळी केलेल्या कामाने राखला जातो.

त्यानंतर दरवर्षी चैत्रात त्या बागेतल्या वाळक्या फांद्या उतरवल्या जातात. 'माझं चुकलं' एवढं मात्र कारभाऱ्याने कासाराच्या दारी येऊन अजून म्हटलेलं नाही.